कोणाची हरकत असल्यास

९ फेब्रुवारी

ताई,

फोन तुम्ही उचलत नाही, निरोपाला उत्तर देत नाही, म्हणून कागदावर लिहिते. कागद फाडायचा झाला तरी आधी पाकिटातून काढावा लागतो, आणि काढला की दोन ओळी नजरेखालून जातातच. तेवढ्यावर माझी भिस्त.

मी सुखरूप पोचले. ज्या बंदराच्या गावातून तुमचे भाऊ नाहीसे झाले त्याच गावात राहते आहे, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या खोलीत. दिवसभर खालून यंत्राची करकर येते. खिडकी उघडली तर लोखंडाचा वास, बंद ठेवली तर भिंतीतल्या ओलीचा. आज एक धरते, उद्या दुसरा.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही दारात उभ्या राहून म्हणालात, "जिवंत माणसाला कागदावर मारायला निघालीस." शेजारपाजारच्यांनी ऐकलं. मी तेव्हा गप्प बसले, कारण बॅग बंद होत नव्हती आणि तुमची भाची तिच्यावर बसली होती. आता बोलते. मी कोणाला मारायला आलेली नाही. दोन वर्षं ह्यांचा फोन नेमानं यायचा, पुढची नऊ वर्षं नाही. कारखान्यात नाहीत, खोलीवर नाहीत, दवाखान्यात नाहीत, तुरुंगातही नाहीत. आपल्याकडच्या कोर्टानं सांगितलं, माणूस जिथून हरवला तिथल्या कोर्टात जा. म्हणून आले. 'आहे' किंवा 'नाही' यांतलं काहीतरी एक त्यांनी सांगावं, इतकंच माझं मागणं आहे. प्रत्येक अर्जावर 'विवाहित की विधवा' या रकान्याशी येऊन माझं पेन अडतं. तुमचं कधी अडलं नसेल.

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे पायऱ्या नाहीत, सरकता जिना आहे. नुसतं उभं राहिलं तरी माणूस वर पोचतो. खाली आणणारा जिना मात्र बंद होता, दुरुस्तीची पाटी लावलेली.

पहिल्या तारखेला काय झालं ते सांगते. लग्नाच्या दाखल्यात ह्यांच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलंय, पासपोर्टात ते नाही. खिडकीतल्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मीच ते अक्षर घुसडलंय. कोर्टानं मला एक वकील दिलाय. त्यांना कायमची सर्दी. आम्ही दोघं तिसऱ्याच भाषेत मोडकंतोडकं बोलतो. ते म्हणाले, "कोर्टाच्या लेखी ही दोन माणसं आहेत. एकाशी तुमचं लग्न झालं. हरवला तो दुसरा."

मी म्हणाले, "मग लग्न झालेला कुठे आहे ते तरी सांगा."

ते हसले नाहीत. नाक पुसून म्हणाले, "तुमच्या वकिलातीकडून दाखला आणा, की दोन्ही माणसं एकच." दोन आठवड्यांचं काम म्हणून आले होते. पुढची तारीख महिनाअखेरीला आहे, आणि एकदा हा देश सोडला तर परत यायची परवानगी मिळायला किती काळ लागेल ते कोणी सांगत नाही. म्हणजे थांबणं आलं.

मी काम करते त्या चष्म्याच्या दुकानाच्या मालकांनी रजा वाढवून दिली आहे. लेकीचं जेवणखाण वसतिगृहात होतं, पण रविवारी तिला घरी बोलवत जा. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका.

तुमची वहिनी, जी अजून वहिनीच आहे


२७ फेब्रुवारी

ताई,

दाखला मिळाला. दोन माणसांचा एक माणूस झाला. वाटलं, आता गाडी रुळावर आली. कसलं काय.

कोर्टानं दुभाषी म्हणून एक तरुण मुलगी दिली होती. तिची आजी आपल्या भाषेची. आजीच्या मांडीवर जेवढं शिकली तेवढं पुरतं असा तिचा समज. मुलगी गोड, पण मला वाटलं हिला घेऊन खिडकीतून उडी मारावी.

न्यायाधीश एक वयस्कर बाई आहेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. मी म्हणाले, "हे सोमवारी कामावर गेले नाहीत."

दुभाषीनं सांगितलं. बाईंनी मान वर केली. "हे म्हणजे किती जण?"

"एकच."

"मग ही बरेच जण गेले नाहीत असं का सांगते आहे?"

"मानानं बोलतात आमच्यात तसं," मी म्हणाले.

दुभाषीनं ते कसं सांगितलं देव जाणे. बाईंनी चष्मा काढला आणि विचारलं, "पती कोणत्या मानाच्या पदावर होते?"

मी म्हणाले, वेल्डर होते. मग 'बेपत्ता' वर गाडी अडली. मुलीनं त्याची फोड केली, ज्याला पत्ता नाही तो. बाईंनी कागद चाळले. पती बेघर होते, तर हा खोलीचा करारनामा कुणाचा? माझे वकील उभे राहिले, शिंकले, परत बसले.

शेवटी बाईंनी ठरवलं की अर्जदाराचं म्हणणं नीट कळत नाही, दुसरा दुभाषी शोधावा, तोवर काम तहकूब. पुढची तारीख एप्रिलमधली. मी तिथल्या तिथे म्हणाले, मला इथली भाषा येत नाही हा माझा गुन्हा आहे का? ते वाक्य मात्र त्या मुलीनं बरोबर सांगितलं असावं, कारण बाईंचा चेहरा पडला. पण तारीख बदलली नाही.

बाहेर आल्यावर ती मुलगी माझ्या मागे मागे आली. "मावशी, माझं चुकलं का?" रडायच्या बेतात होती. तिला कशी ओरडणार. 'मावशी' हा तिचा शब्द अगदी बरोबर होता.

आता मला सांगा, या सगळ्यात तुमचा एक कागद मिळाला असता तर केवढी सोय झाली असती. रक्ताच्या नातेवाइकानं लिहून द्यायचंय की आमचाही काही संपर्क नाही. आईवडील नाहीत, दुसरा भाऊ नाही, लेक अजून सज्ञान नाही, तुम्ही एकट्याच उरलात. वकिलांनी मसुदा तुम्हाला पाठवून महिना होत आला. चार ओळी आहेत. मला दोष द्यायचा तर द्या, पण सही करून मग द्या.


१९ मार्च

ताई,

आजचं पत्र लांबेल.

एप्रिलपर्यंत खोलीत बसून किल्ल्यांची करकर ऐकण्यापेक्षा ह्यांच्या जुन्या कारखान्यात जाऊन यावं असं मनात आलं. जहाजं दुरुस्त करतात तिथे. बंदराच्या कडेला लांबच लांब पत्र्याच्या शेड, आत निळ्या ठिणग्या, आणि कोणीच कोणाचं ऐकू शकणार नाही असा आवाज. फाटकावरच्या माणसाला ह्यांचा फोटो दाखवला. त्यानं मला एका चहाच्या टपरीवजा जागेत बसवलं आणि जुन्या फोरमनला बोलावून आणलं. निवृत्त झालेत, पण रोज सकाळी येऊन बसतात. घरी करमत नाही म्हणे.

ते फोटो बराच वेळ बघत होते. मग वकील बोलतात त्याच तिसऱ्या भाषेत म्हणाले, "चांगला कारागीर होता. पण मी त्याला काढलं होतं."

मला वाटलं, मीच चुकीचं ऐकते आहे. पुन्हा विचारलं.

"शुक्रवारी काढलं. एका जहाजाचा जोड तपासणीत उतरला नाही. तो म्हणाला जोड माझा नाही. मी म्हणालो तुझाच. आवाज चढले. माझा जरा जास्तच चढला."

"पोलिसांना तुम्ही हे सांगितलंत?"

"पोलीस माझ्याकडे आलेच नाहीत, बाई. ऑफिसात आले, सोमवारी गैरहजर असं लिहून घेतलं आणि गेले."

नऊ वर्षं ताई, नऊ वर्षं आपण तो सोमवार उगाळत बसलो. सोमवारी काय झालं असेल, कोण भेटलं असेल, कोणत्या बसमध्ये चढले असतील. आणि जे व्हायचं ते शुक्रवारीच होऊन गेलेलं. शनिवारी ह्यांनी मला फोन केला होता, आठवतंय मला. लेकीच्या सायकलबद्दल बोलले. कामाबद्दल चकार शब्द नाही.

शेडच्या मागे धक्का आहे. पाणी काळं, तेलाचे तवंग तरंगणारं. कठड्याला हात लावून मी उभी राहिले आणि पहिल्यांदा मला वाटलं की हे इथेच आहेत. खाली. तुम्हाला हे वाचवणार नाही हे कळतंय, पण मी एकटीनं का वाचायचं. इतकी वर्षं मी मनात म्हणायचे, अपघात असेल, आजार असेल, कोणी लुबाडलं असेल. मानी माणूस भरल्या घराला तोंड दाखवायला लाजेल, हे मात्र कधी सुचलं नाही.

फोरमन मला बसपर्यंत सोडायला आले. न विचारता म्हणाले, "मी कोर्टात येऊन सांगेन." तेवढं तरी कोणीतरी म्हणालं.

मला एक गोष्ट आज आठवली. पहिली तीन-चार वर्षं तुम्ही माझ्याबरोबर प्रत्येक कचेरीत यायचात. कारकुनांशी तुम्हीच भांडायचात, मी नुसती पिशवी धरून उभी. मग एकाएकी यायच्या थांबलात. गुडघे दुखतात म्हणालात. मला वाटलं, थकल्या. भावाची वाट बघून बघून माणूस थकणारच. मीही थकले आहे ताई. आता तरी सही करा, म्हणजे दोघी मिळून एकदाचं रडून घेऊ.


११ एप्रिल

ताई,

तुमचा निरोप मिळाला. नऊ आठवड्यांनी मला तीन शब्द पाठवलेत, "अर्ज मागे घे." का, कशासाठी, काही नाही. मी समुद्राच्या कडेला उभं राहून काय काय लिहिलं होतं, आणि त्यावर तुमचं हे उत्तर. दगडाला पाझर फुटतो म्हणतात, तो दगड बहुतेक तुमच्या ओळखीचा नसावा.

अर्ज मागे घेणार नाही.

कोर्टात या वेळी नवा दुभाषी होता, वयस्कर गृहस्थ, सावकाश आणि स्वच्छ बोलणारे. फोरमनची साक्ष झाली. न्यायाधीश बाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे माणसाकडे बघावं तसं बघितलं. पण रक्ताच्या नातेवाइकाचा जबाब नाही म्हटल्यावर त्यांनी विचारलं, "बहीण सही का करत नाही?"

काय सांगणार? म्हणाले, "तिची आशा सुटत नाही."

"मग आपल्याला जाहीर सूचना द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. म्हणजे वर्तमानपत्रांत छापायचं, अमुक अमुक इसमाला मयत घोषित करण्याचा अर्ज आलेला आहे, कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेच्या आत कळवावी. देशभरच्या पेपरांत. पुन्हा दोन महिने गेले. तुमच्या एका सहीपायी.

तुम्ही दारात आणखी एक गोष्ट म्हणाला होतात, ती मी पहिल्या पत्रात गाळली. "दुसरा घरोबा करायचा असेल म्हणून ही घाई." मी तेव्हा संतापले. संतापायचं कारण एवढंच की ते खरं होतं.

दुकानाचे मालक. तुम्ही त्यांना चष्मेवाले म्हणता, मीही तेच म्हणते. त्यांची बायको जाऊन सहा वर्षं झाली. मी काचा घासते, ते नंबर तपासतात, दिवसभर आमच्यात कामाखेरीज फारसं बोलणं होत नाही. मागच्या वर्षी एके दिवशी दुकान बंद करताना म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर मला तुमच्याशी लग्न करायला आवडेल. घाई नाही." मी म्हणाले, माझं आधीचं अजून मिटलेलं नाही. ते म्हणाले, "मिटवून या. मी दुकानातच आहे." कधी हात धरला नाही, कधी घरी आले नाहीत. लेकीला सांगितलं आहे. ती म्हणाली, "आई, बाबा गेलेत. मला ते कधीच कळलंय. तूच मागे राहिलीस."

लपवलं ते तुमच्या भीतीनं, लाजेनं नव्हे. आता लिहून टाकलं. फाडायचं तर फाडा.


२ जून

ताई,

चारच ओळी लिहिते.

सकाळी वकिलांचा फोन आला. सूचनेला उत्तर आलंय. मी म्हणाले, कोणाचं? त्यांनी नाक शिंकरलं, खोकले, म्हणाले, "हरकत आली आहे."

"अहो पण कोणाची?"

"मयताची. खुद्द मयताची."

मी फोन खाली ठेवला आणि खाली जाऊन किल्लीवाल्याच्या स्टुलावर बसले. त्यांनी यंत्र बंद केलं. आम्हाला एकमेकांचा एक शब्द समजत नाही, पण त्यांनी पाणी आणून दिलं.

ताई, हे जिवंत आहेत. तुमचं खरं झालं. तुम्हाला आनंद होईल म्हणून आधी तुम्हालाच कळवते. लेकीला अजून सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते मलाच कळत नाही. आनंद मला व्हायला हवा, तो शोधते आहे.


१६ जून

ताई,

हे पत्र मात्र उभ्यानं वाचू नका.

काल तारीख होती. मी लवकर जाऊन बाकावर बसले. तो आला तेव्हा मी ओळखलं नाही. पोट सुटलंय, केस गेलेत. चष्मा लागलाय आणि तो एका बाजूला उतरलेला. दांडी जरा वाकवली की सरळ बसतो, दोन मिनिटांचं काम. अकरा वर्षांनी नवरा दिसतो आणि माझ्या मनात आधी त्याची दांडी येते.

न्यायाधीश बाईंनी त्याला विचारलं, "तुम्ही हयात आहात?" तो म्हणाला, "हो." ते लिहून घेतलं. मग मला विचारलं, "हाच तो माणूस का?" मी 'हेच' म्हणायला तोंड उघडलं होतं. बाहेर आलं ते "हाच."

अर्ज निकाली निघाला. पाच मिनिटं लागली. नाव जुळवायला तीन आठवडे, 'हे' म्हणजे किती जण हे कळायला दीड महिना, पेपरात छापायला दोन महिने, आणि सगळं उडवून लावायला पाच मिनिटं.

बाहेर व्हरांड्यात तो माझ्याजवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "बारीक झालीस."

मी म्हणाले, "कुठे होतास?"

सगळं सांगितलं त्यानं, न विचारलेलंही. नोकरी गेल्यावर घरी काय सांगायचं म्हणून दुसऱ्या गावी गेला. नवं काम लागलं की फोन करू म्हणाला. लागलं तेव्हा तीन महिने झाले होते. तीन महिन्यांचं काय सांगायचं, म्हणून आणखी थांबला. मग वर्ष झालं. "जितका उशीर झाला तितका फोन जड होत गेला," म्हणाला. ते मला कळलं, खोटं कशाला बोलू. पुढचं नाही कळलं. एका बाईबरोबर राहतो. पाच वर्षांचा मुलगा आहे.

"मग आता तरी का आलास?" मी विचारलं.

तर म्हणे, मयत म्हणून नोंद झाली तर इथे राहायचा परवाना रद्द होईल, मुलाच्या शाळेत बापाच्या नावाची अडचण येईल.

मी म्हणाले, "नऊ वर्षं आम्ही तुला हरवलेला धरून जगलो, त्याला तुझी हरकत नव्हती. मेलेला म्हटल्यावर आली."

मग त्यानं ते वाक्य उच्चारलं. सहज, जसं काही मला ठाऊकच आहे. "मला वाटलं होतं ताईनं एव्हाना तुला सांगितलं असेल. मुलगा व्हायच्या आधी मी तिला फोन केला होता. सांगू नकोस म्हणालो होतो, शपथ घातली होती, पण ती सांगेल असंच मी धरून चाललो होतो."

ताई, त्याच्यासाठी माझ्याजवळ शब्दच उरले नव्हते, सगळे एकदम तुमच्या दिशेनं वळले. म्हणजे गुडघे दुखत नव्हते. म्हणजे सही केली नाही ती आशेपायी नाही, खोटं लिहून द्यायला हात धजला नाही म्हणून. तुम्ही 'जिवंत माणसाला' म्हणालात तेव्हा मी त्याला माया समजले, ती नुसती माहिती होती. मी धक्क्यावर उभी राहून पाण्यात माझा नवरा शोधत होते, ते पत्र तुम्ही वाचलंत, आणि मला तीन शब्द पाठवलेत.

एका परीनं मला समजतं. भाऊ म्हणाला, शपथ घातली. सांगावं तर भाऊ तुटतो, न सांगावं तर मी. तुम्ही मला तोडलंत. हिशोब सरळ आहे, मीही कदाचित तेच केलं असतं. पण मी लेकीला बाप गेला असं समजून मोठं होऊ दिलं नसतं.

वकील म्हणतात, आता घटस्फोटाचा अर्ज करा, तो राजी आहे. ते खातं वेगळं, मजला वेगळा, नंबर नवा. दोघंही राजी असली तरी सहा-आठ महिने. हजर राहायची गरज नाही, पडद्यावरून बोलता येतं. मी अर्जावर सह्या केल्या. रकान्यात 'विवाहित' लिहिलं. इतक्या रागानं लिहिलं की कागद फाटला आणि नवा आणावा लागला.

पुढच्या शनिवारी सकाळी मी पोचते; पत्र त्याआधी मिळावं म्हणून कुरियरनं पाठवते. तुमच्यासाठी एकच काम ठेवलं आहे. त्याच्या आधी वसतिगृहावर जा आणि तुमच्या भाचीला तुम्ही सांगा. बाप जिवंत आहे हेही, आणि तुम्हाला कधीपासून माहीत होतं हेही. फोनवर नको, समोर बसून. तिनं काय विचारलं तर गुडघे दुखतात म्हणू नका. मी विमानतळावर उतरेन तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं पाहिजे की तुम्ही गेला होतात.


८ जुलै

ताई,

घरी येऊन दोन आठवडे उलटले. तुम्ही गेला होतात. विमानतळावर बॅग देताना लेकीचा चेहरा बघितला, आणि मला कळलं.

टॅक्सीत बसल्यावर तिनं विचारलं, "मुलगा कसा दिसतो?"

"बघितला नाही मी."

"आत्या तीन तास बसली होती," ती म्हणाली. "मी तिला जा म्हणाले तरी गेली नाही. मी ओरडले, तेव्हाही नाही. मैत्रिणी सगळ्या दारात जमल्या होत्या. ती म्हणाली, ओरडून घे, मी त्यासाठीच आले आहे."

हे ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून परत राग आला. अशी माझी सध्या गत आहे.

परवा तिनं त्याला फोन केला. नंबर तुमच्याकडूनच मागून घेतला म्हणे. मला आधी सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात होते, तिचं एकटीचं बोलणं ऐकू येत होतं. तिनं नाव सांगितलं. तो रडत असावा. थोड्या वेळानं ती म्हणाली, "रडू नका. मला उद्या परीक्षा आहे. मला फक्त विचारायचं होतं, तुम्ही माझ्या सायकलचं विचारलंत त्या शनिवारी, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं का की परत फोन करणार नाही?" काय उत्तर आलं ते मला माहीत नाही. ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग आत येऊन जेवली. दोनदा वाढून घेतलं.

नव्या अर्जाची पहिली तारीख कालची होती. पडद्यासमोर नीट बसून वाट पाहिली. न्यायाधीश रजेवर असल्यानं सप्टेंबरला गेली. चष्मेवाल्यांना सांगितलं. त्यांनी कॅलेंडरचं पान उलटलं आणि म्हणाले, "सप्टेंबर बरा, हवा चांगली असते." ह्या माणसाचा मला कधी कधी रागसुद्धा येतो, इतका तो रागवत नाही.

आता तुमचं. तुम्ही वसतिगृहावर गेल्याचं ऐकल्यापासून मी रोज मनात तुमच्याशी बोलते आहे. मला तुमचा राग आहे, आणि तो लवकर जाणार नाही. त्याच्यावरचा त्या व्हरांड्यातच संपला, कारण तो परका झालाय, परक्यावर किती रागवणार. तुमच्यावरचा संपत नाही. कचेऱ्यांच्या बाहेर आपण एका डब्यातलं खाल्लंय, एका रुमालानं घाम पुसलाय. म्हणूनच संपत नसेल.

लेक म्हणते, या घरातून एक माणूस न बोलता निघून गेलेलं आहे, दुसरं नको. तिचं म्हणणं मला खोडता आलं नाही.

तेव्हा या रविवारी या. समजूत घालायला येऊ नका, माफी मागायला तर मुळीच नको. माझं भांडण अजून सगळं शिल्लक आहे आणि ते कागदावर होत नाही. समोर बसून भांडायला या. सकाळीच या, पुरणार नाही नाहीतर.